प्रमाणपत्र भिंतीवर, वाळू नाल्यात?

पत्र तीन ओळींचं असतं. पुढच्या आर्थिक वर्षापासून ओतकाम पुरवणाऱ्या प्रत्येक कारखान्याकडे आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापन मानकाचं वैध प्रमाणपत्र हवं. नसेल तर व्हेंडर रेटिंगमध्ये गुण कापले जातील. प्रत अमुक तारखेपर्यंत पाठवावी. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फौंड्रीवाल्यांना अशी पत्रं नवी नाहीत. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी १९९९ मध्येच आपल्या पुरवठादारांना ही अट घातली होती. मोठ्या कंपनीनं पहिल्या फळीला सांगायचं, तिनं दुसऱ्या फळीला, असं होत होत ही अट छोट्या ओतशाळेच्या टेबलावर येते.

या लेखातले काका आणि पुतणी कल्पित आहेत. त्यांच्यातला वाद मात्र ज्या ज्या औद्योगिक वसाहतीत असं पत्र येतं तिथं होतोच. काकांची ग्रे आयर्नची फौंड्री आहे, ऐंशी-नव्वद कामगार, दोन इंडक्शन भट्ट्या. पुतणी पर्यावरण अभियंता, पुण्याच्या एका प्रमाणन संस्थेत ऑडिटर. नात्यामुळे तिला काकांच्या कारखान्याचं ऑडिट करता येत नाही. शिवाय जी संस्था प्रमाणपत्र देते तिला त्याच कारखान्याला सल्ला देण्याची मुभा नसते, म्हणून तिच्या संस्थेचा इथं संबंधच नाही. ती आली ती घरची म्हणून, आणि म्हणूनच मोकळेपणानं बोलली.

"मला एकच सांग," काकांनी पत्र तिच्यापुढं सरकवलं. "हे सर्टिफिकेट घेतलं म्हणजे माझ्या चिमणीतनं निघणारी धूळ कमी होणार का?"

"आपोआप नाही होणार, काका. धूळ किती असावी हे आयएसओ सांगतच नाही. ती मर्यादा कायदा ठरवतो, प्रदूषण नियंत्रण मंडळ तुमच्या संमतीपत्रात लिहून देतं."

"मग आयएसओ काय सांगतं?"

"तुमच्या कामामुळे हवा, पाणी, जमीन यांच्यावर कुठं कुठं परिणाम होतो ते तुम्हीच शोधा, लिहा. त्यातलं गंभीर काय ते ठरवा. कोणते कायदे लागू आहेत आणि ते पाळले जातायत का, हे ठरावीक काळानं तपासा. सुधारणेची उद्दिष्टं ठरवा, जबाबदारी नावानिशी वाटून द्या, मोजा, आणि मालकानं स्वतः बसून आढावा घ्यावा."

"म्हणजे शेजारची फौंड्री माझ्या दुप्पट धूर सोडत असली तरी तिलाही हेच सर्टिफिकेट मिळेल."

"दोघंही कायद्याच्या मर्यादेत असाल आणि दोघांचीही पद्धत चालू असेल, तर मिळेल."

इथं काकांना आपण वाद जिंकल्यासारखं वाटलं, आणि त्यात त्यांची चूक नाही. या मानकाची ही मर्यादा बहुतेक लोकांना ठाऊकच नसते. ब्रिटनच्या १९९२ च्या मानकाच्या पाठोपाठ आयएसओ १४००१ पहिल्यांदा १९९६ मध्ये आलं, २००४ आणि २०१५ मध्ये सुधारलं. पण सुरुवातीपासून ते कारभाराच्या पद्धतीचं मानक आहे. कारखाना किती स्वच्छ आहे याचा आकडा त्यात नाही. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्थांचं, आणि त्या संस्थांना आपल्याकडे अधिमान्यता देते ती भारतीय गुणवत्ता परिषदेखालची एनएबीसीबी. २०२२ च्या आयएसओ सर्वेक्षणात जगभरात अशी पाच लाखांहून अधिक प्रमाणपत्रं मोजली गेली. तेवढे कारखाने स्वच्छ आहेत, असा त्याचा अर्थ काढता येत नाही.

काकांचा दुसरा मुद्दा जास्त कडू होता. आधी एका कन्सल्टंटनं त्यांना तयार फाइल विकली होती. धोरण, रजिस्टर, कार्यपद्धती, फॉर्म, सगळं छापील. काकांनी चाळली तर मध्येच रंगाईच्या हौदांची आणि कापड धुण्याच्या सांडपाण्याची नोंद. दुसऱ्या कुठल्या तरी प्रोसेस हाउसची फाइल, वरचं नाव तेवढं बदललेलं.

"आणि तो म्हणतो, साहेब, काळजी करू नका, ऑडिटर आपल्या ओळखीचा आहे. आता सांग, ज्याचं बिल मी भरतो तो माझ्या चुका कशाला काढेल?"

पुतणीनं हा आरोप झटकला नाही. उलट तिनंच गुजरातचं उदाहरण काढलं, आणि या विषयावर त्याहून बोलकं उदाहरण भारतात शोधून सापडणार नाही. तिथं उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ पासून जास्त प्रदूषणकारी कारखान्यांना त्रयस्थ पर्यावरण ऑडिट सक्तीचं झालं. ऑडिटर कारखान्यानं निवडायचा, पैसे कारखान्यानं द्यायचे. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांवर प्रयोग केला. काही कारखान्यांत जुनीच रीत ठेवली. बाकीच्यांत ऑडिटर सोडत पद्धतीनं नेमला, त्याचं मानधन सामायिक निधीतून ठरावीक दरानं दिलं, आणि त्याच्या काही मोजण्या दुसऱ्याकडून पुन्हा करवून घेतल्या. जुन्या रीतीत ऑडिटरांचे आकडे कायदेशीर मर्यादेच्या जरा खाली दाटीवाटीनं बसलेले आढळले, प्रत्यक्ष प्रदूषण मात्र त्याहून जास्त होतं. नव्या रीतीत, मर्यादा ओलांडलेल्या कारखान्याला 'मर्यादेत आहे' म्हणण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं. आणि नुसते अहवाल सुधारून थांबलं नाही; त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

"मग तुमच्या आयएसओत पैसे कोण देतं?" काकांनी लगेच विचारलं.

"कारखानाच देतो."

"झालं तर."

"पूर्ण नाही झालं, काका. एनएबीसीबीची माणसं आमच्या कार्यालयाची तपासणी करतात, प्रत्यक्ष ऑडिटला येऊन आमच्यावर नजर ठेवतात. अधिमान्यता गेली तर आमचा धंदा बसला. पण तुम्ही म्हणताय ती खोट आहेच. म्हणून सर्टिफिकेट स्वस्तात आणि आठ दिवसांत देतो म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नका."

अधिमान्यता नसलेल्या संस्थाही सुबक शिक्क्याची प्रमाणपत्रं विकतात. खरेदी विभागातल्या कित्येकांना दोन्हींतला फरक सांगता येत नाही. पत्र पाठवून प्रत मागवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी याची जबाबदारी घ्यायला हवी. एका ओळीची अट टाकून त्या मोकळ्या होतात आणि भुर्दंड शेवटच्या फळीवर पडतो.

काकांनी मग फोक्सवॅगनचं नाव घेतलं. चाकणला गाड्या तयार होतात तीच कंपनी. तिच्या कारखान्यांकडे पर्यावरण व्यवस्थापनाची प्रमाणपत्रं होती, आणि १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं नोटीस काढली, की डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर आहे जे चाचणीच्या वेळी धूर कमी दाखवतं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात निघाल्या. योगायोग असा, की आयएसओ १४००१ ची सुधारित आवृत्ती त्याच्या तीनच दिवस आधी, १५ सप्टेंबरला प्रसिद्ध झाली होती.

"प्रमाणपत्र कारखान्याच्या कारभाराचं असतं," पुतणी म्हणाली. "इंजिनातलं सॉफ्टवेअर ऑडिटर उघडून बघत नाही."

हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण पुरेसं नाही. २०१५ च्या आवृत्तीनं उत्पादनाच्या साऱ्या जीवनचक्राचा विचार करायला सांगितलं, कच्च्या मालापासून ते वापरून टाकून देईपर्यंत. गाडीचं सर्वांत मोठं प्रदूषण तर ती रस्त्यावर असतानाच होतं. मालकानं आणि वरिष्ठांनी फसवायचंच ठरवलं तर कुठलंही व्यवस्थापन मानक त्यांना थांबवू शकत नाही, हे सरळ मान्य केलेलं बरं. मानकाचा उपयोग होतो तो फसवायचं नसलेल्या, पण रोजच्या धबडग्यात लक्ष न पोचणाऱ्या माणसाला. आणि असे कारखानदार बहुसंख्य आहेत.

म्हणून पुतणीनं वाद थांबवला आणि काकांना कार्यालयाबाहेर काढलं.

जेवणाची सुट्टी झाली होती. मोल्डिंग थांबलेलं, ग्राइंडर बंद, शेडमध्ये कुणी नाही. तरी कॉम्प्रेसर मध्ये मध्ये गुरगुरत होता. तिनं मोबाइलवर वेळ लावली: ४० सेकंद लोडवर, ८० सेकंद अनलोड, पुन्हा ४० सेकंद लोडवर. एकही मशीन हवा घेत नसताना कॉम्प्रेसर एक तृतीयांश वेळ काम करत होता. म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या एक तृतीयांश हवा गळतीत चालली होती. शांततेत ती ऐकूही येत होती. फेटलिंगच्या कोपऱ्यातल्या क्लॅम्प सुटलेल्या पाइपातून, बंद पडलेल्या जोल्ट-स्क्वीझ मशीनच्या जोडातून, फरशी झाडायला ठेवलेल्या हवेच्या नळीतून. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मार्गदर्शिकेत, देखभाल नीट नसेल तर २० ते ३० टक्के हवा गळतीत जाते असं म्हटलंय. काकांची फौंड्री त्याच्याही पुढं होती.

"लाइट बिल तुम्ही दर महिन्याला बघता," ती म्हणाली. "पण भट्टीचं आणि कॉम्प्रेसरचं वेगळं मीटर आहे का?"

नव्हतं. एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन भट्टीला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात, हे काकांना तोंडपाठ होतं. स्वतःच्या भट्टीला गेल्या महिन्यात किती लागली ते मात्र अंदाजानं सांगावं लागलं.

कॉम्प्रेसर रूमच्या मागं वापरलेल्या तेलाचे चार ड्रम उघड्यावर होते, एकाला बूच नाही. खालची जमीन काळी. कायद्याच्या भाषेत हा घातक कचरा. २०१६ च्या नियमांनुसार तो साधारण ९० दिवसांहून जास्त साठवायचा नाही आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच, मॅनिफेस्ट भरून द्यायचा. काका म्हणाले, भंगारवाला चांगला भाव देतो. पुतणी काही बोलली नाही, वहीत लिहिलं.

मग शेडच्या मागचा वाळूचा ढीग. साच्यांची ही वाळू, ग्रीन सँड, पुन्हा पुन्हा वापरता येते, पण प्रत्येक ओतणीबरोबर कोअरची रेझिन लावलेली वाळू त्यात मिसळते, बारीक धूळ वाढते, आणि काही वाळू बाहेर काढावीच लागते. फिनॉलिक रेझिनचा अंश असलेली ही जळकी वाळू कोल्हापूरच्या पावसात उघड्यावर पडली की काळं पाणी गटारात, गटारातून नाल्यात, आणि नाला पंचगंगेकडे.

"ट्रॅक्टर कुठं रिकामा होतो, काका?"

"कुणाला भराव लागतो त्याच्याकडं. लोक मागून नेतात."

"कुणाकडं? कुठं लिहिलंय?"

कुठंच लिहिलेलं नव्हतं. मानकात ज्याला पर्यावरणीय पैलूंचं रजिस्टर म्हणतात ते याच प्रश्नांपासून सुरू होतं: काम कोणतं, त्यातून काय बाहेर पडतं, कुठं जातं, नेहमीच्या दिवशी काय होतं आणि बिघाडाच्या दिवशी काय होतं. कन्सल्टंटच्या फाइलमध्ये कापड धुण्याचं पाणी होतं, पण हा ट्रॅक्टर नव्हता. काकांच्या फौंड्रीचं खरं रजिस्टर त्या अर्ध्या तासात पुतणीच्या वहीत तयार झालं होतं, आणि त्याला छपाईचा खर्च शून्य.

आपत्कालीन तयारीवर काका थोडे ताठ झाले. अग्निशमन सिलिंडर भरलेले, तारखा लावलेल्या. पण पुराचं काय? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आलं, वाहतूक बंद पडली. वितळलेल्या लोखंडाला पाणी भेटलं तर क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. वीज गेली तरी भट्टीच्या कॉइलला थंड पाणी सुरू राहावं लागतं. आणि ते चार ड्रम पाण्यावर तरंगत कुणाच्या शेतात जातील? फेब्रुवारी २०२४ मध्ये आयएसओनं आपल्या व्यवस्थापन मानकांत एक छोटी भर घातली: हवामान बदल आपल्या कामाच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे का, हे प्रत्येकानं ठरवावं. युरोपातल्या एखाद्या कार्यालयाला ते कलम औपचारिक वाटेल. शिरोलीत त्याचं उत्तर महामार्गावरच्या पाण्यानं दोनदा दिलंय.

"हे सगळं तू मला फुकट सांगितलंस," परत खुर्चीत बसल्यावर काका म्हणाले. "पाइप मी उद्या दुरुस्त करीन, ड्रम आत घेईन, वाळूचा हिशेब ठेवीन. आता सर्टिफिकेट कशाला पाहिजे?"

हा त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा होता.

"कारण आज मी आले म्हणून दिसलं," ती म्हणाली. "सहा महिन्यांनी पाइप पुन्हा सुटेल. मेंटेनन्सवाला नोकरी सोडेल. प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं, पण दर वर्षी ऑडिटर येतो. तो यायच्या आधी तुम्हाला तुमच्याच माणसांकडून अंतर्गत ऑडिट करवून घ्यावं लागतं, तुम्हाला बैठकीला बसावं लागतं. बाहेरचा माणूस येणार हे ठाऊक असलं की ती वही उघडली जाते."

"नाहीतर ऑडिटच्या आदल्या रात्री सगळ्या सह्या मारल्या जातात."

दोन्ही गोष्टी घडतात, आणि दोन्हींचे पुरावे आहेत. मॅथ्यू पोटोस्की आणि असीम प्रकाश यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या हजारो कारखान्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आयएसओ १४००१ घेतलेले कारखाने हवा प्रदूषणाचा कायदा जास्त चांगला पाळतात असं दिसलं. कॅनडाच्या ऑलिव्हिए बॉइराल यांनी २००७ मध्ये नऊ प्रमाणित संस्थांचा आतून अभ्यास केला. बऱ्याच ठिकाणी कागद एका बाजूला आणि काम दुसऱ्या बाजूला, ऑडिट जवळ आलं की धावपळ, असं चित्र त्यांना दिसलं. काकांचा राग बॉइराल यांच्या बाजूचा, पुतणीची उमेद पोटोस्की-प्रकाश यांच्या.

आपल्या छोट्या कारखान्यांपुरतं बोलायचं तर पुतणीची पद्धत आणि काकांचा संशय दोन्ही एकत्र हवेत, पण त्यांचा क्रम चुकता कामा नये. आज होतं ते उलटं: आधी प्रमाणपत्राची तारीख ठरते, मग तिच्यामागं कागद धावतात. आधी रजिस्टर, वेगळी मीटरं, वाळूचा हिशेब, संमतीपत्रातल्या एकेका अटीची तपासणी. ते सहा महिने ते वर्षभर चालवावं, आणि मगच ऑडिटरला बोलवावं. त्याचं ऑडिट दोन टप्प्यांत होतं: आधी कागद आणि तयारी, मग प्रत्यक्ष शेड. आयएसओ ९००१ आधीच असेल तर वेगळ्या फाइलींचा डोंगर करू नये. २०१५ पासून दोन्ही मानकांची मांडणी एकसारखी आहे, अंतर्गत ऑडिट आणि आढावा बैठक एकत्र घेता येते.

आणि एक उणीव मानकातच आहे, तिच्यावर बोट ठेवायला हवं. युरोपची १९९३ ची इमास योजना कारखान्याला आपली पर्यावरणाची आकडेवारी तपासून घेऊन जाहीर करायला लावते. आयएसओ १४००१ मध्ये धोरण तेवढं मागणाऱ्याला दाखवावं लागतं. धुळीचा आकडा कपाटात राहिला तरी चालतो. शेजारच्या गावाला ज्या आकड्याशी देणंघेणं आहे नेमका तोच त्याला दिसत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं जून २०१७ मध्ये कारखान्यांच्या चिमणीतल्या धुळीवरून एक ते पाच तारे देऊन ती क्रमवारी जाहीर करायला सुरुवात केली. ती दिशा योग्य आहे.

काकांनी शेवटी पत्राला उत्तर लिहिलं: प्रमाणपत्र आठ दिवसांत मिळणार नाही, वर्ष लागेल, दरम्यान दर तिमाहीला विजेचे, वाळूचे आणि तेलाचे आकडे पाठवू. पुतणीनं मसुद्यातला एकच शब्द बदलला: 'वर्ष' खोडून 'दहा महिने' लिहिलं.

खरेदी विभागात बसलेल्यांनी प्रमाणपत्राची प्रत हातात आली की तीन गोष्टी बघाव्यात: त्यावर अधिमान्यतेचं चिन्ह आहे का, त्याच्या व्याप्तीत सगळी शेड आहे की नुसतं कार्यालय, आणि सर्टसर्च या आंतरराष्ट्रीय यादीत ते सापडतं का. आणि कारखानदारांनी सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशामुळे गेटवर लावलेल्या फलकाकडे एकदा बघावं. घातक कचरा, हवा आणि सांडपाण्याचे आकडे लिहायची जागा तिथं आधीच आहे. या महिन्याचे आकडे तिथं लिहा.